टाकीवरचे ओरखडे : लहान इंजिनांच्या इतिहासाची काही टिपणे

डहाणू तालुक्याचे नाव निघाले की मराठीच्या अभ्यासकाला गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आठवते. त्याच तालुक्यातल्या वाणगावचे नाव निघाले तर फारसे काही आठवत नाही. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधले हे स्टेशन. मिरची आणि चिकू यांमुळे बाजाराला ठाऊक असलेले हे गाव साहित्याच्या नकाशावर नाही आणि यंत्रांच्या इतिहासात तर नाहीच नाही. तरीही गेली काही वर्षे आम्ही दोघे, पेशाने मराठीचे अध्यापक, सुट्टीचे दिवस या गावाच्या आसपासच्या वाड्यांमध्ये आणि बोईसरच्या भंगारच्या गोदामांमध्ये घालवीत आहोत. शोध असतो तो जुन्या, लहान पेट्रोल इंजिनांचा आणि हाताने उचलून नेता येणाऱ्या जनरेटरांचा. 'सर, पोथ्या सोडून हे काय?' असे विद्यार्थी विचारतात आणि सहकारीही विचारतात. त्याचे उत्तर देताना आम्हाला आधी आमची एक चूक कबूल करावी लागते. ती चूक हाच या लेखाचा खरा विषय आहे. मात्र ती का घडली हे कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

अर्वाचीन महाराष्ट्राच्या इतिहासात १९१० हे साल विलक्षण योगायोगांचे आहे. त्या वर्षी पुण्यात वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. त्याच वर्षी औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याची उभारणी सुरू केली आणि किर्लोस्करवाडी वसली. टाटांची जलविद्युत कंपनीही त्याच वर्षीची. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेल्या पाण्यापासून खोपोलीला तयार झालेली वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊ लागली. मंडळाने आपल्याला जुने कागद जपायला शिकवले, किर्लोस्करवाडीने लोखंडाचे नांगर आणि पंप घडवले, टाटांनी वीज आणली. पण लोखंडाच्या यंत्रावरही कागदासारखा मजकूर असू शकतो आणि तोही जपायला हवा, असा विचार या तिन्ही प्रवाहांच्या संगमावर कोणी केल्याचे दिसत नाही.

खरे तर तो विचार सुचायला मराठीइतकी अनुकूल भाषा दुसरी नसावी. आपल्याकडे एका यंत्राच्या कारखान्यानेच वाङ्मयीन नियतकालिकांचा संसार थाटला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेली 'किर्लोस्कर खबर' ही मुळात कारखान्याची पत्रिका. तिच्यातून पुढे 'किर्लोस्कर' मासिक घडले, आणि मग 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. विसाव्या शतकातल्या मराठी कथेचा आणि वैचारिक निबंधाचा इतिहास या मासिकांना वगळून लिहिता येत नाही. ते अंक आम्ही ग्रंथालयात बांधून ठेवले. ज्या नांगरांच्या आणि पंपांच्या विक्रीच्या आधाराने ती मासिके उभी राहिली, ते मात्र शेताच्या बांधावर गंजू दिले.

संग्रहाच्या बाबतीत एक सन्माननीय अपवाद आहे आणि तोही एका कवीचा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा करून पुण्यात राजा केळकर संग्रहालय उभे केले. तिथल्या दिव्यांपुढे आम्ही कितीदा तरी थांबलो आहोत. समई, पणती, लामणदिवा अशी रांग पाहताना मनात येते की या रांगेत पुढे आणखी एक वस्तू हवी होती. वीज पोचली नव्हती किंवा पोचूनही टिकत नव्हती, अशा काळात लग्नाच्या मांडवात प्रकाश देणारे, धूर ओकणारे, कान किटवणारे छोटे इंजिन.

इंजिनांमध्येही जातिभेद आहे. डिझेल इंजिनाला मान मिळाला. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्याला सुरू केलेल्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. उसाच्या पट्ट्यात विहिरीवरचे डिझेल इंजिन हे घराच्या ऐपतीचे लक्षण होते. त्याच्यासाठी खोली बांधली जाई, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला जाई. लहान पेट्रोल इंजिनाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. ते स्वतःच्या जागेवर राहणारे यंत्र नव्हतेच. ते बैलगाडीतून, टेम्पोतून, कधी दोघांच्या खांद्यावरच्या बांबूला लटकून गावोगाव फिरे, भाड्याने जाई आणि सकाळी परत येई. ज्याला घर नाही त्याचा इतिहासही राहत नाही.

या यंत्राची वंशावळ मोठी रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या बिनतारी यंत्रांना वीज पुरवण्यासाठी लहान पेट्रोल इंजिने मोठ्या संख्येने बनली. युद्ध संपल्यावर ती बेवारस झाली. जपानमधील हामामात्सु गावी सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये सैन्याच्या बिनतारी संचांची अशी सुमारे ५०० इंजिने मिळवली आणि ती सायकलींना जोडून विकली. पहिल्या नमुन्याला इंधनाची टाकी म्हणून अंथरूण गरम करण्याची पाण्याची बाटली लावली होती. होंडा या जगप्रसिद्ध नावाचा आरंभ असा जनरेटरच्या उरलेल्या इंजिनांतून झाला. १९६५ मध्ये त्याच कंपनीने ई-३०० हे हाती नेता येणारे जनरेटर बाजारात आणले. भारतात १९८५ मध्ये श्रीराम होंडा ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या दशकात असे लहान जनरेटर दुकानांच्या पायऱ्यांवर, दवाखान्यांच्या मागे, फोटो स्टुडिओच्या दारात दिसू लागले.

आपल्याकडे या यंत्राला आणखी एक वळण मिळाले. पेट्रोल महाग, रॉकेल स्वस्त. म्हणून पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी इंजिने इथे रुजली. थंड इंजिनात रॉकेलची वाफ नीट होत नाही, त्यामुळे ते पेटत नाही. आधी काही मिनिटे पेट्रोलवर इंजिन तापवायचे आणि मग तोटी फिरवून रॉकेल सोडायचे. बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणायचे, नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहते आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून हात भरून येतात. रॉकेलला पेट्रोलइतका दाब सोसत नाही, म्हणून या इंजिनांचा दाबही कमी ठेवलेला असतो. ही सगळी माहिती यंत्राबरोबरच्या इंग्रजी पुस्तिकेत असे. ती पुस्तिका न वाचता हे सर्व अचूक करणारी माणसे वाणगावच्या परिसरात होती, काही अजूनही आहेत. भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावे असे त्यांचे शब्द आहेत. ठिणगी पडत नसेल तर 'करंट येत नाही', पिस्टन अडकला तर 'जाम', इंधन वाहू लागले तर 'ओव्हर'. 'जनित्र' हा शासनमान्य शब्द मात्र आम्हाला एकाही पडवीत ऐकू आला नाही.

आता या यंत्राची वाणगावाशी गाठ कशी पडली ते पाहू. वाणगावच्या नैर्ऋत्येला, समुद्रकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. १९६९ च्या ऑक्टोबरपासून तिथली वीज व्यापारी तत्त्वावर जाळ्यात जाऊ लागली. उत्तरेला डहाणूचे औष्णिक केंद्र १९९० च्या दशकात उभे राहिले. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांसाठी. दोन वीजकेंद्रांच्या मधोमध असलेल्या या पट्ट्यात अंधार कसा, असा प्रश्न परगावच्या माणसाला पडतो. वीज जिथे तयार होते तिथल्या शेजाऱ्यांना ती आधी मिळते असा काही नियम नाही. ती उच्च दाबाच्या तारांतून दूर जाते. पाड्यावर यायची तर रोहित्र हवे, खांब हवेत, अनामत रक्कम भरू शकणारे ग्राहक हवेत. पाड्यांवर खांब उशिरा आले, आणि आल्यावरही २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यभर भारनियमनाने जो कहर केला, त्यात ग्रामीण महाराष्ट्राबरोबर हा भागही होरपळला. त्या काळात बोईसरच्या बाजारपेठेत संध्याकाळी फिरणाऱ्याला रॉकेलचा वास आणि त्या इंजिनांची धडधड आठवत असेलच. पुढे इन्व्हर्टर आले, एलईडी आले, सौर दिवे आले आणि जनरेटर पडवीत गेले. आज पडव्याही रिकाम्या होत आहेत. मालवाहतुकीचा रेल्वेमार्ग, बुलेट ट्रेन, वाढवणचे बंदर अशा प्रकल्पांमुळे या पट्ट्यातल्या जमिनी हातोहात बदलत आहेत. घर हलवताना माणसे देव आणि भांडी नेतात. गंजलेले इंजिन किलोच्या भावाने भंगारात जाते.

असेच एक इंजिन आम्हाला वाणगावच्या पूर्वेकडील एका वाडीत मिळाले. ते आमचे पहिले. सुमारे पाचशे वॉटचा, पेट्रोल-रॉकेलवर चालणारा जनरेटर, गोणपाटाखाली झाकलेला. पिस्टन जाम होता. स्पार्क प्लग काढून आत डिझेल ओतले आणि पाच दिवस थांबलो. सहाव्या दिवशी फ्लायव्हील बोटभर हलले. बोईसरच्या एका मिस्त्रींच्या हाताखाली आम्ही रिंगा बदलल्या, कार्बोरेटर उघडून रॉकेलचा वाळून राळ झालेला थर खरवडला, पॉइंट घासून त्यांतले अंतर नीट केले. इथपर्यंत सगळे ठीक झाले. मग आम्ही रंगाकडे वळलो. टाकी ओरखड्यांनी भरली होती. पेंट रिमूव्हर लावला, तारेचा ब्रश मारला, पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, प्रायमर दिला आणि वर झळझळीत लाल रंग चढवला. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ते यंत्र टेबलावर मांडले तेव्हा आम्हाला मोठा अभिमान वाटला होता.

संमेलनाला वाडीच्या मालकांनी एका वृद्ध गृहस्थांना सोबत आणले होते. ते बारा वर्षे त्या जनरेटरबरोबर पाड्यापाड्यांवर जात असत. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "सर, टाकी बदलली काय?"

"नाही काका, तीच आहे. फक्त रंग दिला."

"मग माझा हिशेब कुठे गेला?"

हिशेब म्हणजे ते ओरखडे. ज्या रात्री जनरेटर बाहेर जाई, त्या रात्रीसाठी खिळ्याने एक रेघ. लग्नाची रेघ लांब, भजनाची किंवा व्हिडिओची आखूड. रेघेखाली पाड्याचे पहिले अक्षर. भाडे मिळाले की रेघेवर आडवी रेघ. "चोपडी होती ना शेठकडे, पण ती त्यांची. आणि चोपडी पावसात भिजते सर, टाकी काय भिजत नाही." रात्रशाळेत शिकलेल्या अक्षरांचा त्यांनी केलेला तो एकमेव लेखी उपयोग होता. आम्ही तो तारेच्या ब्रशाने पुसून टाकला होता.

आमच्याकडे आधीचे एकच छायाचित्र होते. त्यात टाकीची एक बाजू दिसत होती, तीही अर्धी सावलीत. काका ते मोबाइलवर मोठे करून वाचू लागले आणि अकरा रेघा त्यांना लागल्या. एका लांब रेघेशी थांबून त्यांनी सांगितले की त्या रात्री मध्यरात्रीनंतर रॉकेल संपले होते. मांडवात अंधार झाला. मग पाड्यावरच्या घरांनी आपापल्या चिमणीपुरते ठेवलेले रेशनचे रॉकेल पेल्या-पेल्याने आणून टाकीत ओतले आणि लग्न पार पडले. पुढचे रेशन येईपर्यंत ती घरे दिव्याविना राहिली. दुसऱ्या एका रेघेवर आडवी रेघ नव्हती. नवरदेवाचे घर लग्नानंतर वीटभट्टीवर गेले ते परतलेच नाही. त्या रात्रीचे भाडे काकांच्या मजुरीतून कापले गेले होते. वीस-पंचवीस वर्षे ती उघडी रेघ त्यांनी जपली होती. पैसे आता येणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होते, पण येणे होते याचा तेवढाच पुरावा उरला होता.

आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले, हे दर वर्षी सांगतो. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून जी ज्ञानेश्वरी छापली, तिच्यामुळे शुद्ध पाठ म्हणजे काय हा प्रश्न कसा गुंतागुंतीचा झाला, हेही सांगतो. समासातली टीप, पोथीच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेली पुष्पिका, मालकाची सही यांतले काहीही क्षुल्लक मानू नये असे विद्यार्थ्यांना बजावतो. आणि आमच्या हातात एक समासटीपांनी भरलेली संहिता आली तेव्हा आम्ही ती कोरी करून वर आपल्या आवडीचा लाल रंग दिला. पोथी पाहताना जागा असणारा अभ्यासक लोखंडापुढे झोपी का गेला? याचे प्रामाणिक उत्तर असे की त्या वस्तूला लिहिणारा कोणी असेल, ही शक्यताच आमच्या मनात आली नाही. कारखाना ती बनवतो, मालक ती विकत घेतो, एवढेच आम्ही धरून चाललो. ती चालवणारा माणूस आमच्या हिशेबात नव्हता.

ब्रिटनमध्ये अशा इंजिनांचा छंद जुना आहे आणि हा वादही तिथे जुना आहे. ग्लॉस्टरशायरमधल्या डर्स्लीच्या लिस्टर कंपनीचे 'डी' हे छोटे पेट्रोल इंजिन १९२६ पासून जवळजवळ चाळीस वर्षे बनत होते. उन्हाळी मेळाव्यांत ती इंजिने रांगेने मांडून चालवली जातात. काहींची कारखान्यातून आल्यासारखी नव्या रंगात चमकतात. दुसरा पंथ मानतो की इंजिन आतून दुरुस्त करावे आणि बाहेरून फक्त तेलाचे फडके फिरवावे. जुना रंग, झीज, शेतकऱ्याने केलेले वेडेवाकडे वेल्डिंग, सारे राहू द्यावे. आमच्या चुकीनंतर आम्ही या दुसऱ्या पंथात गेलो. जुन्या पोथ्यांचे लेखनिक शेवटी विनवीत की हा ग्रंथ पाण्यापासून आणि तेलापासून जपा. लोखंडाच्या पोथीच्या बाबतीत अर्धी विनवणी उलटी करावी लागते. तिला तेलच जपते.

दुसरे यंत्र आले तेव्हा आम्ही आधी एक वही केली. यंत्र धुण्यापूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे, प्रत्येक ओरखड्याची नोंद, तारेने बांधलेला प्रत्येक जोड, मूळचा नसलेला प्रत्येक स्क्रू. बदललेला भाग फेकायचा नाही, चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचा. या यंत्राची पितळी पट्टी झिजून तिच्यावरचा क्रमांक नाहीसा झाला होता. चिंचणी-वरोरच्या बाजूला दागिन्यांचे साचे कोरण्याचा डायमेकिंगचा घरगुती धंदा आहे. पोलादावर केसाएवढी रेघ कोरणारे हात तिथे आहेत. त्यांपैकी एका कारागिरांनी हुबेहूब नवी पट्टी कोरून देण्याची तयारी दाखवली. मोह झाला. पण क्रमांक कोणता घालणार? माहीत नसलेला पाठ सुबक अक्षरात भरणे म्हणजे प्रक्षेप. आम्ही नम्रपणे नको म्हटले. त्यांनाही ते पटले, म्हणाले, "बरोबर आहे सर, खोटा शिक्का मारायचा नाही."

इंजिन सुरू झाले, पण वीज येईना. मिस्त्रींनी कारण सांगितले. जनरेटर बंद झाल्यावरही त्याच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते. पुढच्या वेळी त्या शिल्लक चुंबकत्वातूनच वीज जन्म घेते. फार वर्षे पडून राहिले की तेही विरते. मग बाहेरून बॅटरीचा क्षणभर झटका द्यावा लागतो. त्यांनी बारा व्होल्टच्या बॅटरीच्या दोन तारा टेकवल्या, काढल्या, आणि साठ वॉटचा दिवा आधी लालसर, मग पिवळा झाला. काका शेजारी उभे होते. तोटी रॉकेलवर फिरवण्याची वेळ त्यांनी आवाजावरून ठरवली, घड्याळाकडे पाहिले नाही.

आज आमच्याकडे नऊ यंत्रे आहेत, त्यांतली चार चालतात. काकांनी आठवून सांगितलेल्या रात्रींची नोंद वहीत चालू आहे. छायाचित्रातल्या अकरा रेघांपलीकडे ते जे सांगतात त्याला आम्ही 'मौखिक पाठ' असे निराळे चिन्ह करतो, कारण स्मृती आणि लेख यांतला भेद पुसण्याचा अधिकार आम्हाला नाही. एकदा आम्ही पुष्कळ पुसले आहे. रेघा टाकीवर पुन्हा कोरून देतो, असे आम्ही त्यांना सुचवले होते. ते म्हणाले, "नको सर, आता ती टाकी तुमची."

हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण लहान गावांत शिकवतात किंवा तिथून शिकायला येतात. आपल्या घराच्या पडवीत, गावच्या मंडळाच्या खोलीत, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या मागे असे एखादे यंत्र असेल. ते दुरुस्त करायला जमले नाही तरी चालेल. भंगारवाल्याचा काटा येण्यापूर्वी ते एकदा उजेडात ठेवून सर्व बाजूंनी पाहा, आणि ते चालवणारा माणूस हयात असेल तर त्याला शेजारी बसवा. आमचे लाल यंत्र आम्ही तसेच ठेवले आहे. त्याच्या चिठ्ठीवर पाठाच्या रकान्यात 'नष्ट' असे लिहिले आहे आणि कारणाच्या रकान्यात आमच्या दोघांची नावे.